पहिल्या पावाचा कौल

सणाच्या आदल्या दिवशी बेकरीतला पहिला गोड पाव वर, सासऱ्यांच्या खोलीत जायचा. त्यांनी घास खाऊन "लावा" म्हटलं, की मगच बाकीचे साचे भट्टीत. चाळीस वर्षांत हा शिरस्ता मोडला नव्हता. यंदा डॉक्टरांनी त्यांचं लोणी आणि साखर दोन्ही बंद केली होती. चार दिवस म्हातारा सुपाच्या वाटीकडे पाठ फिरवून पडला होता. "पाव येईल तेव्हा खाईन," एवढंच बोलायचा.

म्हणून सुनेने नेहमीच्या पावाबरोबर एक वेगळा भाजला. लोण्याऐवजी दही, साखरेऐवजी शिजवून गाळलेलं सफरचंद, वर मूठभर मनुका.

"हलका माल या दुकानातून कधी गेला नाही," नवरा म्हणाला.

"हलका म्हणजे पोटाला हलका हो."

"जिभेला हाड नसतं, पण बाबांच्या जिभेला तराजू आहे. ओळखलं तर तुझ्या हातचं पाणी घेणार नाहीत."

"मग खरा नेऊ?"

तो भरलेल्या साच्यांच्या कडा पुसायला लागला.

ती वेगळा पाव घेऊन वर गेली. सासऱ्यांनी तो पालथा करून घेतला, बोटाच्या पेराने बुडावर टकटक केली, कान दिला. "पोकळ वाजतोय. आतपर्यंत भाजलाय." मग तुकडा तोंडात टाकला. घास बराच वेळ या गालातून त्या गालात फिरला. ती ताटलीची कड धरून उभी.

"सूनबाई, यंदा हात सैल सुटला गं तुझा."

तिने ताटली थोडी मागे घेतली.

"लोणी अंमळ जास्त पडलंय. पण असू दे, सण आहे. लावा." आणि त्यांनी आणखी तुकडा मागितला.

त्यांनी खावं म्हणून तर सगळा खटाटोप. तरी जिना उतरताना तिने ताटलीतला चुरा जिभेवर ठेवून पाहिला.

"ओळखलं?" नवऱ्याने विचारलं.

"लोणी जास्त झालं म्हणाले."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबला. "थेंबभर तरी घातलं होतंस?"

"नाही हो."

भट्टी तापून तयार होती. खऱ्या पिठातला पहिला पाव फळीवर निवत पडला होता. नवऱ्याने सुरी घेतली, कडेचा तुकडा कापून तोंडात टाकला. पहिल्या पावाचा कौल स्वतः द्यायची वेळ आजवर त्याच्यावर आली नव्हती.

"मीठ कमी वाटतंय का गं?"

तिनेही चाखला. "असेल. का नेहमी असाच असतो?"

त्याने पुन्हा तुकडा कापला, पुन्हा चावला. साचे ओळीने मांडलेले होते. त्यांतलं पीठ फुगून कडांवरून बाहेर झुकायला लागलं, तरी दोघांपैकी एकानेही पहिला साचा उचलला नाही.