येतंय

मथुरेच्या या असल्या वागण्यानेच घर बुडणार, असे हौसाबाईंनी तांदूळ पाखडता पाखडता सुपालाच ऐकवले. सून चुलीपाशी नवऱ्याची शिदोरी बांधत होती. भाकरी, भाजलेला सुका बांगडा, वर केळीचे पान. सत्यवान खळ्यात उभा. डोक्यावर खलाशाची जुनी टोपी. त्याला बोटीचा भोंगा ऐकू आला होता.

श्रावणात कसला भोंगा! पावसाळाभर आगबोटी बंद. बंदरावर कुत्रे फिरकत नसे.

"खंयची बोट गो? तो तसो, तू तरी शाणी मां?"

सासू बोले तोवर मथुरा शिदोरीची गाठ मारी. उंबऱ्याशी नवऱ्याजवळ काही पुटपुटे, आणि तो बंदराची वाट धरी. दिवेलागणीला परत येई.

डोके बिघडून तो मुंबईहून आला, त्याला तीन पावसाळे झाले. कौल झाले, गाऱ्हाणी झाली, वैद्य झाला. हौसाबाईंचा भाऊ भिकाजी म्हणाला, पायात साखळी घाला, एखाद दिवशी दर्यात जाईल. साखळी त्यानेच आणून दिली. ती कोठीत भाताच्या कणगीमागे पडून होती.

एके काळी खरा भोंगा झाला की हौसाबाई चुलीवरचे तसेच टाकून बंदरावर धावत. मचव्यातून माणसे उतरत, आणि लांब बोटीच्या कठड्याशी पांढऱ्या कपड्यांतला त्यांचा सत्यवान टोपी हलवी. शेजारणींना त्या म्हणत, बोट माझ्या झिलाचीच, कप्तान नावापुरता.

मथुरा मिठबावला माहेरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी सत्यवानाने टोपी घातली. हौसाबाईंनी दाराला कडी लावली. कोठीतून साखळी काढून आणली. तो ओरडला नाही. दाराच्या फळीला कपाळ टेकून उभा राहिला.

"आये, बोट सुटतली."

हौसाबाई हातातल्या साखळीकडे बघत राहिल्या. मग ती खाली ठेवून त्यांनी पीठ काढले.

शिदोरी हातात दिली, कडी काढली, तरी तो हलेना.

"आता काय?"

"येतंय म्हणूक सांग मां. मथुरा सांगता."

हौसाबाईंचा हात दाराच्या चौकटीवर गेला. घरातून निघताना 'जातंय' म्हणू नये, म्हटले की माणूस जातोच. पहिल्या नोकरीला निघताना सत्यवान तसे म्हणाला तेव्हा याच उंबऱ्यावर त्यांनी त्याला अडवले होते.

"येतंय म्हण," त्या म्हणाल्या.

"येतंय."

दिवेलागणीला तो आला. रिकामे फडके त्याने आईच्या हातात दिले.

चार दिवसांनी मथुरा परतली. गोठ्यात पाडा कोठीतल्या त्या साखळीने बांधलेला दिसला. ती थबकली, मग पाय धुऊन चुलीशी बसली आणि पीठ मळू लागली. बाहेर सत्यवान टोपी झटकत होता.

हौसाबाईंनी तिच्या हाताखालची भाकरी न्याहाळली.

"जाड थापतंस गो तू. बोटीर जाणाऱ्या माणसाक अशी शिदोरी देतत?"