एका हाताचा आशीर्वाद

त्या सकाळी आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत माना उंचावून कपाटावरच्या राऊटरकडे पाहत होती, आणि माझ्या आरामखुर्चीत, मला न विचारता, लहरीबाबा विराजमान झाले होते.

समोरच्या बिऱ्हाडात त्यांचा मुक्काम पडला आणि आमचे इंटरनेट अंथरुणाला खिळले. राऊटरचे दिवे लुकलुकत, पण एक पान उघडेल तर शपथ! बाबांनी हात फिरवला की सुरू. बाबांची पाठ वळली की बंद. कंपनीचा माणूस म्हणाला, लाइन ठणठणीत आहे. झाले! राऊटर झपाटल्याची सर्वांची खात्रीच पटली.

अकरा वाजता सूनबाईची मुलाखत होती, तीही संगणकावरून. गणित शिकवण्याच्या त्या नोकरीसाठी तिने वर्षभर घाम गाळला होता. बाबांना हे ठाऊक होते. म्हणूनच आज त्यांचा भाव वधारला होता.

"या यंत्रात एक अतृप्त लहर अडकली आहे," बाबा डोळे मिटून वदले. "तिला आमचा सहवास हवा. हा दिवाणखाना आम्हाला कायमचा द्या. खुर्चीसकट."

"ताई, देऊन टाका हो!" धाकट्या जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पोरीच्या नोकरीपुढे खुर्चीचं काय एवढं?"

"खुर्चीचं काय ते मी ठरवीन. आधी चमत्कार होऊ दे."

बाबांनी उजवा हात उंचावला. डावा शालीच्या आतच राहिला, आणि उंदीर शिरावा तशी शाल वळवळू लागली. या घरात तीन पिढ्यांच्या पोरांनी पाठीमागे लपवलेला खाऊ मी पकडला आहे.

"थांबा! आशीर्वाद आणि एका हाताने? असली कंजुषी इथे चालत नाही. दोन्ही हात वर!"

"डावा हात... समाधीत आहे, माताजी."

"मग त्याला उठवा."

हा आवाज कुणी दुसऱ्यांदा ऐकायला थांबत नाही. दोन्ही हात वर गेले, आणि शालीतून मोबाइल धप्पकन फरशीवर आदळला. सूनबाईने तो उचलला.

"आई, हे तर आपल्याच राऊटरच्या सेटिंगचं पान! यांनी फायरवॉलला 'सगळं अडवा' असा नियम घालून दिलाय. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. तो बापडा हुकूम पाळतोय. नियम घातला की भूतबाधा, काढला की चमत्कार!"

"पण पासवर्ड यांना दिला कुणी?"

तिने राऊटरकडे बोट दाखवले. त्यावर जाऊबाईंनी विणलेले झाकण होते. पाहुण्यांना सारखे सांगावे लागू नये म्हणून त्यांनी त्यावर लाल दोऱ्याने वाय-फायचा पासवर्ड भरला होता. आणि आमच्या चिरंजीवांनी, सोय म्हणून, सेटिंगलाही तोच ठेवला होता!

बाबा दाराकडे सरकू लागले.

"खुर्ची झटकून जा," मी म्हणाले. त्यांनी झटकली.

सूनबाईने नियम काढला, पासवर्ड बदलला आणि आतल्या खोलीचे दार लोटून घेतले. अकराच्या ठोक्याला आतून तिचा स्वच्छ, ठाम आवाज येऊ लागला. मग मी माझ्या खुर्चीत बसून जमलेल्यांना सुनावले, आणि वाचकहो, तुम्हालाही तेच सांगते. यंत्र अडले तर त्याची सेटिंग तपासा, त्याची दृष्ट काढू नका. न समजलेली गोष्ट विचारण्यात लाज नाही. न विचारता मान डोलावण्यात आहे. आणि दोन्ही हात वर केल्यावर जो चमत्कार घडत नाही, तो चमत्कारच नव्हे.

सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात जाऊबाई हळूच माझ्या कानाशी आल्या.

"ताई, नवा पासवर्ड काय ठेवलाय हो तिने?"

त्यांचा एक हात पदराआड होता, आणि पदराखालून लाल दोरा लोंबत होता.

"जाऊबाई," मी म्हणाले, "दोन्ही हात वर!"