बोडक्या डोंगरावर

कुशाबाईने वहाणा काढून फडक्यात बांधल्या, ते गाठोडं कमरेला खोचलं आणि समोरच्या काळ्या कातळाला हात लावला. चैतातलं ऊन. दगड सकाळीच तापायला लागला होता. पायवाट इथं संपत होती. खाली शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या दगडाबाईने तसं बजावलंही होतं. वाट कातळापर्यंतच, पुढं ज्याची त्याने शोधायची.

एस.टी. सुरू झाल्यापासून, म्हणजे गेली सहा-सात वर्षं, तिचा नवरा झुंबर दर संकष्टीला सांगवीहून पहाटे निघून मोरगावच्या गणपतीला जायचा. उसाला पाण्याची पाळी असो की घरात पाहुणे, चतुर्थी चुकली नाही. संध्याकाळी येऊन देव बघून आलो म्हणायचा. दिवाळीनंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं बोबडं झालं. त्याच्या नावाने नारळ फोडावा म्हणून थोरल्या जावेला, छबूबाईला, त्याच्यापाशी बसवून ती गेल्या चतुर्थीला गाडीत बसली. सांगवीची म्हटल्यावर कंडक्टरने झुंबररावांची चौकशी केली आणि सहज बोलून गेला, की ते मोरगावपर्यंत कधी यायचेच नाहीत, मोरगावच्या अलीकडे, बोडक्या डोंगराच्या फाट्यावरच उतरायचे.

तिने नारळ फोडला, घरी आली आणि महिनाभर कुणाशी त्यातलं अक्षर बोलली नाही. नवऱ्याला घास भरवताना मान दुसरीकडे वळवायची. आज पुन्हा चतुर्थी होती, आणि ती फाट्यावर उतरली होती.

दगडाबाईला तिने आडून आडून विचारलं होतं. उंच माणूस, पांढरा पटका, महिन्यातून एकदा येणारा.

"वर जातो की त्यो," म्हातारी म्हणाली. "उन्हं कलली की उतरतो. औंदा दिसला न्हाय."

"वर कोण ऱ्हातं?"

"तितं कोण ऱ्हाणार बाई? घोरपडी ऱ्हात्यात."

कुशाबाईचा विश्वास बसला नाही. वर कुणी बाई असेल आणि तिच्यासाठी ही म्हातारी लपवत असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पहिला टप्पा ती हातापायांवर चढली. कुसळं लुगड्यात रुतली, निवडुंगाचा काटा तळहातात मोडला; तो तिने दातांनी उपसला. त्यानंतर दोन कातळांमधली उभी फट आली. दुसरी वाट दिसेना. तिने काष्टा पुन्हा घट्ट मारला, एका कातळाला पाठ लावली, दुसऱ्याला पाय रेटले आणि इंच इंच वर सरकू लागली. निम्म्यात पायाखालचा दगड सुटला. तो आपटत, उड्या घेत खाली गेला, बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला. वर जाववेना, खाली उतरवेना. तिने डोळे मिटले. इथून परतले तर उरलेला जन्म त्या माणसाच्या तोंडाकडे बघता येणार नाही, एवढंच तिला कळत होतं. पाठ सोलत होती तशी सोलू देऊन तिने कोपर वर टेकवलं आणि अंग ओढून घेतलं.

माथ्यावर काहीच नव्हतं.

खोपट नव्हतं, चूल नव्हती, शेंदूर फासलेला दगडसुद्धा नव्हता. तिने सगळा माथा दोनदा पालथा घातला. सपाट कातळ, चार वाळल्या काड्या आणि वारा. दक्षिणेला, पार लांब, कालव्याकाठच्या उसाची हिरवी रेघ होती. त्या रेघेत कुठंतरी सांगवी, सांगवीत त्यांचं घर, गोठा, भावकी, रोजची हाकाटी. यातलं काहीही इथून दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं.

ती रागाने खाली बसली. मग बसूनच राहिली. कुणी हाक मारली नाही. लग्न होऊन आल्यापासून इतका वेळ कुणी हाक मारली नाही, असं झालं नव्हतं. वाऱ्याने पदर खांद्यावर पडला. तिने तो सवयीने डोक्यावर ओढला, चारी दिशांना पाहिलं आणि पुन्हा खाली सोडला. उन्हं कलली तेव्हा कुठं ती उठली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याच्यापाशी बसलेली छबूबाई आपल्या घरी गेली. झुंबर भिंतीला टेकून बसला होता. त्याने तिच्या सोललेल्या कोपरांकडे पाहिलं, मग पायांकडे.

"बोडक्यावर?" शब्द त्याच्या तोंडात अडखळला.

"व्हय."

त्याची मान खाली गेली. आता ही विचारणार, म्हणून तो थांबला आहे, हे तिला दिसत होतं. तिने काही विचारलं नाही. तांब्या त्याच्या ओठांना लावला, हनुवटीवरचं पाणी पदराने टिपलं. या वेळी मान वळवली नाही.

"फटीतनं गेलीस?" तो म्हणाला.

"मग कुठनं जाणार? समदी पाठ सोलली."

झुंबरने मान हलवली. डावा हात उचलून हवेत एक वळण काढलं.

"मागनं... वाट हाय. सोपी."

हात पुन्हा मांडीवर आला. कुशाबाईने दिवा जवळ ओढला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"पुन्ना दावा," ती म्हणाली. "नीट."