मांडवाखालची टाकी

"काकू, काहीही झालं तरी हिच्यावर सावली पडू देऊ नका." जाताना हर्षाली एवढंच सांगून गेली होती.

ती नाशिकच्या कॉलेजात शिकवते. येवल्यात आमचा पैठणीचं रेशीम रंगवायचा कारखाना आहे, त्याच्यामागे तिनं उथळ टाकी बांधून घेतली आणि तळाच्या फरश्यांवर पांढरी पूड बसवली. ऊन पडलं की ती पूड पाण्यातला रंग तोडते. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आमच्या धाकट्या दिरांचं, योगेशभाऊजींचं.

उद्घाटनाला साहेब येणार, त्यांना ऊन लागेल, म्हणून भाऊजींनी टाकीवरच मांडव घातला. वर ताडपत्री, पुढे हात जोडलेल्या स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स. ही उन्हावर चालते, असं मी हळूच सांगून पाहिलं.

"वहिनी, तुम्ही तुमचे उपास सांभाळा. सायन्स आमच्याकडे राहू द्या."

मिक्सर सुरू करायला बायकोला हाक मारणारा माणूस सायन्स सांभाळणार होता.

टाकीत सोडलेलं रंगाचं पाणी दोन दिवसांनीही तसंच राणीगुलाबी. भाऊजींनी त्यावर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. साहेबांना वाटलं, सजावटीसाठीच रंग घातलाय. छान म्हणाले, फोटो काढले, बासुंदी खाऊन गेले. असे साहेब आणि असे भाऊजी एकमेकांना बरोबर सापडतात.

संध्याकाळी भाऊजींनी हुकूम सोडला. मांडव आठवडाभर राहू दे, अजून पाहुणे यायचेत. टाकीतलं पाणी सकाळी नाल्यात सोडा.

नाल्याच्या खालच्या अंगाला कुसाबाईची विहीर आहे. गेल्या वर्षी तिच्या पाण्यात आमचा रंग उतरला होता. म्हशी तोंड लावीनात. टाकी झाली तेव्हा मीच कुसाबाईला जाऊन सांगितलं होतं, आता रंग यायचा नाही, माझा शब्द.

"तू म्हनती म्हंजे खरंच आसंल," ती म्हणाली होती. भाऊजींनी सांगितलं असतं तर हसली असती.

सकाळी मी अर्घ्य दिलं, पण पाणी प्यायले नाही. टाकीवर ऊन पडल्याशिवाय प्यायचं नाही, असं मनाशी धरलं. कामावर आलेल्या झिपरूला सांगितलं, मी म्हणेपर्यंत टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. भाऊजी अजून घोरत होते.

तांब्या तुळशीपाशी ठेवला, पदर खोचला आणि विळा घेऊन मांडवाच्या दोऱ्यांकडे निघाले.