भीतीची फेरी

टेस्टिंगच्या टीमच्या प्रमुख बाईला ऑफिसात तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे 'ब्रेक'. नवं सॉफ्टवेअर बाहेर सोडण्याआधी ती सगळ्यांना टेबलाभोवती बसवी आणि प्रत्येकाला एकच विचारी, "तुला कशाची भीती वाटते?" एकानेही भीती सांगितली की काम थांबे. साहेब कपाळावर हात मारून घेत. पण सॉफ्टवेअर ॲम्ब्युलन्स धाडण्याचं होतं. तिथे चूक झाली तर माफी मागायची तरी कोणाकडे?

आई गेल्यानंतर ती कामावर परतली, त्याच दिवशी अशी एक फेरी होती. तिला काहीच वाटत नव्हतं. घरी भेटायला आलेल्यांना तिनेच चहा करून दिला होता, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. नातेवाईक तिला दगड म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

"बोला, कशाची भीती?"

"काही नाही, ताई."

"सगळं ओके."

जो तो उत्तर देई आणि तिच्या चेहऱ्याकडे बघे. तो कोरा होता. सगळे खुर्च्यांत निवांत रेलले.

"वा!" साहेब म्हणाले. "आज ताईंनाच काळजी नाही. सोडा मग!"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी वर्षं भ्यायचं काम तिने एकटीनेच केलं होतं. बाकीचे सॉफ्टवेअर कमी आणि तिचा चेहरा जास्त तपासत होते. मोठी शहाणी बाई, आणि माणसं तयार केली ती ही अशी!

"थांबवा," ती म्हणाली.

"आता कशाची भीती वाटतेय?"

"कशाचीच नाही. आई गेल्यापासून मला काही वाटतच नाहीये, साहेब. माझ्या तोंडाकडे बघून काही ठरवू नका."

कोपऱ्यातली चष्मेवाली टेस्टर चुळबुळली.

"ताई, एकाच पत्त्यावरून लागोपाठ दोन फोन आले, तर दुसरा आपोआप रद्द होतो. पेशंट वेगळे असले तरी. काल एकदा दिसलं. म्हटलं, खरंच काही असेल तर तुम्ही पकडालच."

ताईला भीती वाटली. फोन ठेवून गाडीची वाट बघत बसलेला तो दुसरा माणूस तिला दिसायला लागला.

"पुन्हा सांग, सावकाश," म्हणता म्हणता तिला हुंदका फुटला, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती ढसाढसा रडली, अख्ख्या टीमसमोर. चष्मेवाली घाबरून गप्प झाली.

"माझ्याकडे नको बघूस गं," ती रडतच म्हणाली. "तू सांगत राहा."