केशरी खांबांच्या अलीकडे

"ऑर्व्हिल आजोबा, तुम्ही दरवर्षी हरीण मारता, ते नेमकं कुठे?"

मॅरेनने विचारलं आणि पेट्रोलपंपावर कॉफी पीत बसलेली सगळी म्हातारी मंडळी एकदम गप्प झाली. मोंटानातल्या त्या गावात माणसाला पगार विचारावा, वजन विचारावं, घटस्फोट का झाला तेही विचारावं; शिकारीची जागा मात्र विचारू नये. ती बाप मुलालासुद्धा सांगत नाही.

चिप्सच्या फळीमागे तिच्या मैत्रिणी, जोडी आणि केल्सी, तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. "विचार गं! तुला काय, तू नाताळनंतर चाललीसच ओहायोला. कोण किती दिवस रागावणार?" हे वाक्य मॅरेनला असं काही झोंबलं होतं की ती तरातरा टेबलापाशी गेली होती.

"बाहेर मारतो," ऑर्व्हिल आजोबा शेवटी म्हणाले. "घरात मारलं की बायको ओरडते."

टेबल हसून हसून हललं. मग त्यांनी विचारलं, "बाप नाही येत यंदा?"

"ते सामानाची खोकी भरतायत. मी एकटीच जाणारेय."

"अस्सं?" त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मग एक कर, पोरी. माणसांच्या बुटांचे ठसे दिसायचे थांबले ना, की तिथून शोधायला लाग."

शिकारीच्या मोसमाचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा मॅरेन कधीच चालायला लागली होती. केशरी जाकीट, खांद्यावर रायफल आणि मागे दोरीने ओढलेली लाल प्लास्टिकची घसरगाडी, लहानपणी टेकडीवर बसून घसरायची तीच. आधीची दोन्ही हरणं तिच्या नावावर असली तरी खरी बाबांची होती. त्यांनीच शोधली, त्यांनीच कानात "आता" म्हटलं. हिने नुसता चाप ओढला. यंदा तिला एक तरी अगदी स्वतःचं हवं होतं. आणि यंदाच हवं होतं, कारण पुढचं यंदा इथे नव्हतंच. हे सरकारी रान सगळ्यांचं, म्हणजे तिचंही. कुणाला न विचारता दिवसभर चालावं. ओहायोत जास्त करून कुणाच्या तरी शेतात परवानगी काढून जावं लागतं, असं बाबा म्हणाले होते. ते सहज म्हणाले होते. तिला रात्रभर झोप आली नव्हती.

दुपारी दोनला दुर्बिणीत नर दिसला. जाड मान, दोन्हीकडे चार-चार टोकांची शिंगं, गाढवासारखे ऐटबाज कान. सोबत दोन माद्या. मॅरेनने रायफल खांद्याला लावली आणि तशीच थांबली, कारण नराच्या अलीकडे काटेरी तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या खांबांना केशरी रंग फासलेला होता. म्हणजे पलीकडची जमीन खासगी, तिथे परवानगीशिवाय शिकार बंद. नर त्या खांबांच्या वीस पावलं पलीकडे उभा राहून निवांत चरत होता.

ती सेजच्या, त्या रानभर वाढणाऱ्या करड्या झुडपांत पोटावर पडून राहिली. तास गेला. कोपर बधिर झालं, नाक वाहायला लागलं. "ये ना रे शहाण्या," ती पुटपुटली. "तिकडचं गवत काय साखरेचं आहे?"

वीस पावलांचा तर प्रश्न. बघतंय कोण? बोट चापाच्या कडीपर्यंत गेलंसुद्धा. मग तिचं तिलाच कसंतरी झालं आणि तिने बोट मागे घेतलं.

बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ती रान बघत राहिली. उतारावरचा निळसर बर्फ, जुनिपरची काळपट झाडं, ओहोळाची गोठलेली रेघ. थंडीत चुरगळलेल्या सेजचा कडवट वास. या सगळ्याची तिला इतकी आठवण यायला लागली की डोळे भरून आले. वेडीच! अजून ती इथेच होती, पोटाखाली हाच बर्फ वितळत होता, आणि आठवण येत होती.

चारला एका मादीने कुंपणावरून उडी मारली. मग दुसरीने. नर तारेला नाक लावून थांबला, थांबला, आणि चारही पाय एकदम उचलून टुणकन अलीकडे आला. मॅरेनने श्वास रोखला. त्याला कुंपणापासून चांगलं लांब येऊ दिलं. तो आडवा उभा राहिला.

कानात कुणीच काही म्हणालं नाही.

"आता," ती स्वतःच म्हणाली.

गोळीचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. नर चाळीसेक पावलं पळाला आणि अलीकडेच, सरकारी बर्फात, कोसळला.

ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. मानेवर हात ठेवला; मान अजून गरम होती. "माफ कर," ती म्हणाली. "आणि थँक्यू." मग रडली, मग हसली, मग सुरी काढून पोट फाडायला वाकली आणि दचकली. आधी चिठ्ठी! परवान्याच्या चिठ्ठीवरचा दिवस आणि महिना कापल्याशिवाय जनावराला हलवायचं नसतं. तिने ते दोन बारकेसे तुकडे कापले, चिठ्ठी शिंगाला बांधली, आणि मग बाह्या कोपरापर्यंत सारून वाफाळत्या पोटात हात घातले. साफ केलेलं धूड घसरगाडीवर आवळायला तीन गाठी लागल्या. दोन मैल ओढायला तीन तास. वाटेत चारदा ती मागे वळून बघत राहिली, हरणाकडे नव्हे, डोंगराकडे.

बाबा अंगणातच येरझाऱ्या घालत होते. त्यांनी घसरगाडीवर दिव्याचा झोत टाकला. "एकटीने?"

"एकटीने."

बाबांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. आई हात पुसत बाहेर आली. "अगं बाई, काय अवतार हा! आणि एवढं मांस ठेवायचं कुठे? फ्रीझर परवाच विकलाय."

"शेजारी वाटून टाकू," बाबा म्हणाले. "ओहायोला थोडंच नेता येणार?"

"वाटायचं नाही," मॅरेन म्हणाली. आईची बहीण दोन गल्ल्यांपलीकडे राहायची. "मार्लिस मावशीकडे फ्रीझर आहे. रिकामी खोलीही आहे. मांस तिच्याकडे राहील, आणि मीही. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मी इथून हलणार नाही. तुम्ही पुढे व्हा. जूनमध्ये येईन की नाही, ते जूनमध्ये सांगेन. आणि आई, हे मी विचारत नाहीये. सांगतेय."