तिच्या खुर्चीपर्यंत

"अहो, या वयात रांगायला लागलात?" पलंगावर बसलेल्या बायकोने विचारलं. तिच्या खुर्चीवर खर्जाचा मोठा स्पीकर ठेवलेला, आणि तिचा नवरा, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला मेकॅनिक, भिंतीच्या कडेकडेने हातापायांवर सरकत होता.

"दुकानदारानं सांगितलंय," तो तिच्याकडे तोंड करून ओरडला. हल्ली ती ओठ बघूनच बोलणं ओळखायची. "स्पीकर तुझ्या खुर्चीत ठेवायचा आणि रांगत शोधायचं. जिथं बेस भरून येईल तिथं स्पीकर न्यायचा. मग तुला खुर्चीत तसाच ऐकू येणार!"

"आणि गुडघ्यांना विचारलंत का?"

गाण्याचे शब्द, बासरी, माणसांचे आवाज, सगळं तिला सोडून गेलं होतं. जाड आवाज तेवढे पोचत, आणि डॉक्टर म्हणाले होते की तेही फार दिवस नाहीत. लेक जाऊन बरीच वर्षं झाली होती. बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा. त्याची एकच टेप घरात होती. स्पीकर खिडकीखाली असताना त्यातलं काहीही तिच्या खुर्चीपर्यंत येत नव्हतं. कान पुरते जायच्या आत तिला लेक ऐकवायचा, एवढाच ध्यास म्हाताऱ्याने घेतला होता.

खिडकीपाशी आवाज पोकळ. दारापाशी नुसती घरघर. पलीकडच्या कोपऱ्यात मात्र तो थबकला. इथे प्रत्येक सूर भरीव आणि स्वच्छ होता. त्याने मान वर केली. समोर लेकाचं कपाट. तो गेल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता.

"इथं काही जमत नाही," तो उठत म्हणाला. बायकोशी धड खोटं बोलणं त्याला आयुष्यात साधलं नव्हतं.

ओठ वाचता वाचता तिने त्याचा चेहराही वाचला. ती उठली, कपाट उघडलं आणि एकेक शर्ट काढून पलंगावर ठेवू लागली. त्याला रडू आवरेना.

"रडताय काय? धरा त्या बाजूनं," ती म्हणाली. दोघांनी मिळून रिकामं कपाट बाहेरच्या खोलीत ओढलं.

स्पीकर कोपऱ्यात गेला, ती खुर्चीत बसली. टेप सुरू झाली. तिचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागलं आणि मध्येच थांबलं.

"हं! चुकला. रोज इथंच चुकायचा."

त्याला चूक कळलीही नव्हती. त्याने टेप मागे नेली, आणि ती पुन्हा त्या चुकीची वाट बघत बसली.